ओल्या गोणपाटाचा वास

"अज्जा, तुझ्या औषधानं आजवर किती जनावरं मेली?"

कस्तूरीनं विचारून टाकलं. वसतिगृहातल्या बीबीजान आणि शैलानं पैज लावली होती, घरी गेल्यावर अज्जाला हे तोंडावर विचारून दाखव, मग तू खरी. कस्तूरीच्या पेटीतल्या सगळ्या कपड्यांना तंबाखूचा नि करंज तेलाचा वास यायचा, त्यावरून दोघी तिला 'ढोरांची डॉक्टरीण' म्हणायच्या. पैजेला बीबीजानची हिरवी क्लिप लागली होती. पण क्लिपेचं तसं काही नव्हतं. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून आपल्याला कुणालाही काहीही विचारता येतं असं कस्तूरीला वाटायला लागलं होतं. आवाजही तसाच लागला होता, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

इथं बाकं नव्हती. घटप्रभा नदीच्या काठचं पडीक रान, त्यात कापडाचं एक पाल, तीन दगडांची चूल आणि चुलीभोवती जेवायला बसलेली चार माणसं. अज्जा, म्हणजे करेप्पा. त्याचा मुलगा हालप्पा, कस्तूरीचा अप्पा. पलीकडच्या ओढ्यावर ज्याचा कळप उतरला होता तो मुदकप्पा. आणि भाकरी थापणारी अव्वा, कस्तूरीची आई.

अव्वाचा हात परातीतच थांबला.

"घ्या," मुदकप्पा हसला. "पोरगी शिकली आन अज्जाला पिंजऱ्यात हुबा केला."

"कस्तूरे," अप्पा म्हणाला, "तोंड फोडीन."

अज्जा मात्र घास चावत राहिला. चावून झाल्यावर म्हणाला, "एकबी न्हाई. माज्या बापाच्या हातनं न्हाई, माज्या हातनं न्हाई."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कस्तूरीला जोर चढला होता. "मग माप काय असतं? आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात सगळ्याला माप असतंय. किती तंबाखू, किती पाणी?"

"तंबाखू दरसाली येगळी. कवा नुसत्या काड्या मिळत्यात, कवा चुरा. माप कसलं? नाक हाय की. उग्र वास हाय तोवर पाणी घालत ऱ्हायाचं. ओल्या गोणपाटाचा वास सुटला की उतरवायचं."

"आणि नाकच चुकलं तर?"

अज्जानं अर्धी भाकरी तशीच ठेवली, ताटात हात धुतले आणि घोंगडं खांद्यावर टाकून मेंढरांकडं निघून गेला. मुदकप्पा खाली बघून आमटी भुरकत होता, पण त्याच्या मिशा हलत होत्या. दिवाळी झाली की सगळे कळप चराईच्या लांबच्या वाटेला लागायचे, आणि त्याआधी मुदकप्पाचा धरून चार कळप दरसाल अज्जाच्या औषधानं अंग धुऊन घ्यायचे. त्या चार कळपांत आता ही गोष्ट भाकरीसोबत खाल्ली जाणार होती.

मुदकप्पा गेल्यावर अव्वानं कस्तूरीला दंडाला धरून पालात नेलं. तिथं बिरप्पाची पेटी होती, लाकडी, हळदीनं माखलेली. "हात ठेव. अज्जाच्या औषधावर चारचौघांत पुन्यांदा तोंड उघडणार न्हाई, म्हण."

कस्तूरीनं हात ठेवला. "उघडणार नाही."

"न्हाई म्हण नीट, देवाला ऐकू जाऊ दे."

"उघडणार न्हाई," ती म्हणाली. हिरवी क्लिप आपली झाली, असा विचार तिच्या मनात आला आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली.

यंदा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला होता. काळी माती वाळायचं नाव घेईना. मेंढरांच्या खुरांत चिखल, लोकरीत ओल, आणि कानामागं, जांघेत, शेपटीखाली गोचिडी फुगलेल्या, भिजवलेल्या शेंगदाण्यांएवढ्या. सुट्टीचे दिवस कस्तूरीचे त्यातच गेले. सकाळी वाघरीच्या जाळीच्या कुंपणातून मेंढरं बाहेर काढताना एकेक गुडघ्यात दाबून धरायचं, लोकर फाकवायची, गोचीड नखांत धरून पिळून ओढायची आणि रॉकेलच्या डब्यात टाकायची. दुपारपर्यंत बोटं काळपट लाल व्हायची, हात धुतले तरी नखांच्या कडा चिकट राहायच्या.

चिक्की तिची स्वतःची मेंढी. बारशाला अज्जानं नातीच्या नावानं एक कोकरू सोडलं होतं, चिक्की त्याच्या पोटची तिसरी. डाव्या कानाला त्रिकोणी चीर. चिक्कीच्या एका कानातून कस्तूरीनं एकोणीस गोचिडी काढल्या. मोठ्यानं मोजल्या, कारण मोजल्याशिवाय तिला करमायचं नाही.

केंपीची गत सगळ्यांत वाईट होती. केंपी म्हणजे घोडी, कानडी नावाप्रमाणं तांबडी. वाटेनं सगळं घर तिच्या पाठीवर असायचं, पाल, भांडी, दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत नुकती जन्मलेली कोकरं, आणि सगळ्यांच्या वर बिरप्पाची पेटी. तिच्याशिवाय तळ हलत नव्हता. तिला उवा झाल्या होत्या, वर खरूज. बाभळीच्या खोडाला मान घासून घासून आयाळ अर्धी झडली होती आणि मानेला तळहाताएवढं सालपट निघून खाली ओलं लाल दिसत होतं. त्यावर माश्या. कस्तूरी कडुनिंबाच्या डहाळीनं माश्या हाकायची, तेव्हा केंपी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटायची. जड डोकं. खांदा दुखायला लागला तरी कस्तूरी हलायची नाही.

"सुई टोचून आणू का हिला?" अप्पानं एकदा अज्जाला विचारलं. "जनावरांचा दवाखाना काय लांब न्हाई."

"आण की," अज्जा म्हणाला. "मग कळप येतील तवा त्यास्नीबी तिकडंच धाड."

 अप्पा उठून घोडीसमोर वैरण टाकून आला.

अज्जा कस्तूरीशी बोलत होता, पण कामापुरतं. पाटी दे. दोर धर. पूर्वी तो तिला "आमची मास्तरीण" म्हणायचा, ते बंद झालं होतं. ती मुद्दाम त्याच्या आसपास घुटमळायची. सीताफळाच्या बिया सुपात घेऊन बसायची, दगडावर ठेचायची, "ह्याची पूड डोळ्यात गेली तर आंधळं होतंय ना अज्जा?" असं माहीत असलेलंच विचारायची. "व्हय," अज्जा म्हणायचा. एवढंच.

एका सकाळी अव्वा पाण्याला गेली होती, तव्यावर भाकरी, चुलीशी अज्जा. कस्तूरी मेंढरांत होती तिथवर करपल्याचा वास आला. ती धावत आली तर भाकरीचा कोळसा झालेला, धूर अज्जाच्या अंगावरून जातोय आणि अज्जा हातभर अंतरावर दोर वळतोय.

"अज्जा, भाकरी! वास नाही का आला?"

"ध्यान दुसरीकडं हुतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तेलाच्या दोन बाटल्या तिच्यापुढं धरल्या. "बघ गं, ह्यातलं करंजाचं कंचं? डोळ्यास्नी दिसंना झालंय."

करंज तेलाला कुणी डोळ्यांनी ओळखत नाही. बूच काढलं की ते स्वतःच ओरडून सांगतं. कस्तूरीनं हुंगलं, नाक मुरडलं आणि हसत म्हणाली, "हे. शैलानं हे हुंगलं ना, तर चार दिवस जेवायची नाही." अज्जा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून तिला इतकं बरं वाटलं की बाकी काही तिच्या डोक्यात आलंच नाही.

शनिवारी औषध चढवलं. सोमवारी तिची शाळा उघडणार होती, आणि बुधवारी चार कळप येणार होते. त्याआधी घरचं उरकायचं, हा नेम. मोठा पितळी हंडा, खाली बाभळीचं जळण. हंड्यात कडुनिंबाचा पाला, सीताफळाच्या बियांची पूड आणि तंबाखू. यंदा काड्या मिळाल्या नव्हत्या. अप्पानं निपाणीकडून पोतंभर चुरा आणला होता, काळसर, तेलकट, हातात घेतला की शिंका यायच्या.

मुदकप्पा सकाळपासून येऊन बसला होता. बघायला, म्हणाला.

पाण्याला उकळी आली तशी कस्तूरीला हंड्याजवळ थांबवेना. वाफ नाकातून थेट डोक्यात जात होती, डोळ्यांतून पाणी, घशात कडू. ती पदरासारखी ओढणी तोंडावर घेऊन लाकडं सारत होती. अज्जा वाफेत उभा होता, काठीनं ढवळत. एक घागर पाणी घातलं. थोड्या वेळानं दुसरी. दर वेळी इथं तो पाच-सहा घागरी घालायचा, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. घागरी भरून आणायचं काम तिचंच असायचं.

दुसऱ्या घागरीनंतर अज्जा थांबला. त्यानं हंड्यावर तोंड नेलं, श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग मान वर करून त्यानं तिच्याकडं बघितलं.

"सुटला न्हवं गं? गोणपाटाचा वास?"

आजवर अज्जानं कधी कुणाला हे विचारलं नव्हतं.

सुटला नव्हता. ओल्या गोणपाटाचा वास तिला चांगला ठाऊक होता, पावसात भिजलेलं पोतं चुलीपाशी वाळत घातलं की येतो तसा, मऊ, कुबट. हा वास तसा नव्हता. हा नाकात खिळा ठोकावा तसा होता. तिचे ओठ उघडले. तेवढ्यात मुदकप्पा दगडावरून म्हणाला, "इचार इचार करेप्पा, तिच्या पुस्तकात माप असतंय."

अज्जाची मान खाली गेली. कस्तूरीला पेटीवरची हळद आठवली, अर्धी टाकलेली भाकरी आठवली.

"व्हय अज्जा," ती म्हणाली. "सुटला."

हंडा उतरला. निवल्यावर पाणी गाळून त्यात करंज तेल घातलं. अव्वानं केंपीच्या कपाळाला भंडारा लावला. औषधाचा पहिला हात घोडीला, हा बापजाद्यांचा रिवाज, कारण ती देवाची पेटी वाहते. तिचं अंग वाळून तिनं वैरण तोंडात घेतली की मगच मेंढरांना हात लावायचा, तोवर नाही.

अप्पानं लोकरीचा बोळा बुडवून चोळायला सुरुवात केली. पाठ, पोट, पाय. मानेपाशी आला तेव्हा केंपीनं अंग चोरलं. ओल्या जखमेवर पाणी पडलं तशी ती किंचाळल्यागत खिंकाळली आणि मागच्या पायांवर बसायला गेली.

"झोंबतंय तिला," कस्तूरी म्हणाली.

"झोंबंल न्हाईतर काय," अप्पा म्हणाला. "धर दोर."

ऊन तापलं होतं. केंपीच्या अंगावरून काळपट पाणी ओघळत होतं. पहिल्यांदा तिची कातडी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी, पण थांबेना. खांदा, मग पोट, मग चारी पाय. ओठांतून लाळेची दोरी लोंबायला लागली. वैरण पुढं केली, तिनं तोंड फिरवलं.

"उन्हानं झालं असंल," मुदकप्पा म्हणाला, पण तोही उठून उभा राहिला होता.

केंपीला घाम सुटला. शेण पातळ झालं, मागच्या पायांवरून वाहिलं. मग ती पुढच्या गुडघ्यांवर आली, नमस्कार करावा तशी.

कस्तूरीनं दोर सोडला. घागर उचलली आणि घोडीच्या मानेवर ओतली. दुसरी आणायला धावली.

"काय करतीस?" अप्पा ओरडला.

"धुवा तिला, अप्पा! सगळं धुवा! औषध जास्त झालंय!"

अप्पानं क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि मग तोही घागर घेऊन धावला. अव्वानं ताक आणलं, केंपीचे जबडे फाकवून ओतलं, ते तसंच बाहेर आलं. नदी आणि घोडी, घोडी आणि नदी. कस्तूरीचे पाय चिखलात कापले, ते तिला संध्याकाळी कळलं. केंपी कुशीवर पडली होती. बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या, मग थांबून थांबून. डोळा उघडा होता आणि त्यात आकाश दिसत होतं. कस्तूरी तिच्या डोक्याशी बसली. डोकं उचलून मांडीवर घ्यायला गेली, पण ते नेहमीपेक्षा फार जड होतं.

दुपार कलायच्या आत केंपी गेली.

कुणी रडलं नाही. वाघरीत कोंडलेली मेंढरं भुकेनं ओरडत होती, एवढाच आवाज. मुदकप्पानं डोक्याचं मुंडासं सोडून पुन्हा बांधलं. "साप," तो म्हणाला. "सकाळी बांधाला काळं कायतरी सळसळलं हुतं. म्या बघितलं." तो अज्जाकडं बघत नव्हता. मघाशी टोमणा मारलेल्या तोंडानंच तो आता म्हाताऱ्याची अब्रू झाकत होता, आणि कस्तूरीला त्याचा राग यावा की पाया पडावं हे समजेना.

अज्जा गाळून रिकाम्या केलेल्या हंड्यापाशी बसला होता. त्यानं हंड्यात तोंड घातलं, खोल श्वास घेतला. बाहेर काढलं. पुन्हा घातलं. एखादं तहानलेलं जनावर कोरड्या डोणीत तोंड घालतं तसं, पुन्हा पुन्हा.

रविवारी सकाळी घोडी पुरली. काळ्या मातीत खड्डा खणायला दोन कळपांतली माणसं आली. चिखल फावड्याला चिकटायचा, हातानं खरवडून काढावा लागायचा. येणारा प्रत्येक जण सापाची गोष्ट ऐकून मान डोलवायचा, आणि जाताना अज्जाला म्हणायचा, "बुधवारी येतो मग. औषध तयार ठेव."

अज्जा "व्हय" म्हणायचा.

माणसं पांगल्यावर कस्तूरी त्याच्याजवळ जाऊन बसली. तो दोर वळत होता, घोडीचाच जुना दोर उसवून.

"अज्जा, तुला वास येत नाही."

दोर वळायचा थांबला नाही. "श्रावणात ताप आला हुता न्हवं. तवापासनं. आधी वाटलं यील परत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? चार कळप डोळे मिटून माज्याम्होरं मेंढरं हुबी करत्यात. नाक गेलं म्हणलं तर म्या काय उरलो? वाळत घातलेलं घोंगडं." त्यानं पीळ घट्ट केला. "तरी तुला इचारलं हुतं की गं."

आवाजात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. कस्तूरी तिथून उठली आणि बाभळीपाशी गेली. खोडाला अजून तांबडे केस चिकटलेले होते.

दिवस मावळायच्या बेताला अव्वा कस्तूरीची शाळेची पेटी भरायला बसली. कपडे, वह्या, मैत्रिणींसाठी शेंगदाण्याचे लाडू. अप्पा पेटीचं कडं ठोकून नीट करत होता. "सकाळी पयल्या गाडीला सोडतो," तो म्हणाला. "आन तिकडं गेल्यावर विषय काढायचा न्हाई. सापच चावला. मुदकप्पानं एकदा म्हणलंय, तेच ऱ्हाऊ दे. म्हातारा हाय तोवर नाव ऱ्हाऊ दे त्याचं."

"आणि बुधवारी?"

"बुधवारचं बघू."

"काय बघणार, अप्पा? चार कळप म्हणजे आठशे मेंढरं. त्यांच्यापुढं आता पहिला हात घ्यायला घोडीपण नाही."

अप्पानं हातोडी खाली ठेवली. पालाच्या दाराशी अज्जा बसला होता, पाठमोरा. त्याला ऐकू जात होतं. कान चांगले होते त्याचे.

कस्तूरीनं पेटीतून वह्या बाहेर काढल्या आणि लाडवांचा डबाही. तिचा आवाज आज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा नव्हता. चुलीपलीकडं जाईल एवढाच होता.

"अव्वा, देवाच्या पेटीवर हात ठेवून बोलले होते ते मी मोडतीय. बिरप्पाला काय शिक्षा करायची ती मला करू दे. मी उद्या शाळेला जात नाही. आधी मुदकप्पाकाकाला धरून चारही कळपांना सांगणार, साप नव्हता, औषध होतं. बुधवारी हंड्यापाशी मी बसणार. अज्जानं सांगायचं, मी हुंगायचं, आणि दर घागरीला वहीत रेघ ओढायची. ज्याला विश्वास नसेल त्यानं मेंढरं परत न्यावीत. पहिला हात माझ्या चिक्कीला. ती वाळून तिनं वैरण खाल्ली तरच दुसरं मेंढरू. मग गुरुवारी मी शाळेला जाईन."

 दाराशी अज्जाच्या हातातला दोर थांबला होता.

"आणि बीबीजाननं विचारलं, किती मेली," कस्तूरी म्हणाली, "तर मी एक सांगणार. वास सुटला म्हणून मीच सांगितलं होतं, तेपण सांगणार."